सातवा नारळ

कुशाबाईनं लेखकाच्या खांद्यावर शाल पांघरली, हातानं चुण्या काढल्या, आणि नारळ मात्र पोटाशी धरून तशीच उभी राहिली.

बारामतीच्या त्या सभागृहात चारशे वाचक बसले होते. ‘सातडोह’ या कादंबरीमालेचा सातवा आणि शेवटचा भाग येऊन महिना झाला होता. विजयसिंहरावांचा सत्कार वयानं सर्वांत मोठ्या वाचकाच्या हातून करायचा, ही कल्पना आयोजक युवराज सरांची. या वाचकाला अक्षरओळख नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. शेळगावच्या डाळिंबाच्या शेडमध्ये कुशाबाई आणि बाकीच्या बायका फळं निवडायच्या आणि त्यांच्यातलीच मुबशिरा त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची. एक भाग संपला की पोथीसारखी समाप्ती व्हायची. नारळ फोडायचा, खोबरं वाटायचं. असे सहा नारळ फुटले होते. सातवा राहिला होता.

“आजी, श्रीफळ,” युवराज सर हसऱ्या तोंडानं कुजबुजले.

“कळतंय की. न्हाय द्यायचा.”

सरांच्या हातातला माइक चालू होता. चारशे जणांनी ते ऐकलं.

पहिल्या रांगेत मुबशिरानं डोक्यावरची ओढणी पुढं ओढली. येताना पिकअपमध्ये तिनं परोपरीनं सांगितलं होतं, “मावशी, प्रकाशक शेडला पुस्तकांचं कपाट देणार हायत. आजचा दिस त्वांड मिटून ऱ्हावा.” कुशाबाई ‘व्हय’ म्हणाली होती, ते मनापासूनच. कपाट तिलाही हवं होतं. कपाटातली पुस्तकं एकेक करून ऐकायची, असं तिनं मनाशी धरलंही होतं. पण ती पायऱ्या चढत असताना युवराज सर माइकवर कादंबरीतल्या वेळूला ‘त्यागमूर्ती’ म्हणाले, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“काय झालं आजी?” विजयसिंहरावांनी विचारलं. “शेवट आवडला नाही का?” माणूस तसा सज्जन होता, हीच अडचण होती. आडमुठा असता तर बोलायला सोपं गेलं असतं.

“आवडायचं ऱ्हाऊ द्या बाजूला. पोथी पुरी झाल्याबिगर आमच्यात नारळाला हात लावत न्हाईत.”

“पण झाली की पुरी. वेळू सातव्या डोहात शिळा झाली, पूर थांबला, साती गावं वाचली.”

“ही पोरगी वाचती, तवा येकेकाचा आवाज येगळा काढती,” कुशाबाईनं मुबशिराकडं बोट केलं. “वेळूचा आवाज खणखणीत. राजाला आडवी बोलायची, नागाला बोलायची, देवालाबी सोडायची न्हाय. आन् शेवटाला तो आवाज आलाच न्हाय. मला वाटलं, हीच पानं गाळती. घरला जायची घाई असंल. लई बोलले तिला. रडवलं. पुन्हा पयल्यापासनं वाचाय लावलं.”

मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी टाळी वाजवली आणि मग लाजून थांबवली.

मुबशिरा उठली. कपाट आता येत नाही, हे तिला दिसतच होतं. “सर, म्या मोजलीत पानं,” ती म्हणाली. “शेवटची येक्केचाळीस. वेळू त्यात येक सबूद बोलत न्हाय. समदे तिच्याबद्दलच बोलत्यात.”

विजयसिंहरावांनी शाल सावरली. “त्या शांततेतच तिचं मोठेपण आहे. म्हणून तर लोक तिची देवी म्हणून पूजा करतात.”

“बाई जड व्हाया लागली की तिची देवीच करत्यात, विजयसिंहराव,” कुशाबाई म्हणाली. “दगुड न्हाय म्हणत न्हाय. शेंदूर फासला की गप बसतो.”

कुठंतरी एक खुर्ची करकरली.

“मग तुमच्या मते काय व्हायला हवं होतं?” लेखकानं विचारलं, आणि त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“ते म्या कसं सांगू? लिवणारं तुमी. फकस्त तिला इचारा. तिच्या तोंडानं म्हणू द्या, व्हते म्हून दगुड. मग व्हऊ द्या. म्या सोताच्या हातानं नारळ फोडीन, खोबरं हितवर घिऊन यीन.” तिनं नारळ आणखी घट्ट पोटाशी धरला. “सा वरसं ऐकलंय तिला. अशी मुक्यानं न्हाय जाऊ द्यायची.”

एसी असूनही युवराज सरांना घाम फुटला होता. “वेळेअभावी आपण पुढं जाऊ या,” ते माइकमध्ये म्हणाले. “श्रेया, दुसरं श्रीफळ.”

श्रेया तबक घेऊन बाजूला उभी होती. बाकीच्या पाहुण्यांसाठी तबकात अजून चार नारळ होते. कॉलेजची मुलगी, जरीकाठी साडीत अवघडलेली. सुजलेले डोळे पाहून सकाळपासून सरांनी तिला दोनदा बजावलं होतं, चेहरा हसरा ठेव म्हणून. शेवटचा भाग तिनंही रात्रीच वाचून संपवला होता.

सरांनी न बघताच हात मागं केला. श्रेया एक पाऊल मागं सरकली. सरांनी हात आणखी लांबवला, तशी ती तबकासकट निघाली, सगळं व्यासपीठ ओलांडून आली आणि कुशाबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“न्हाय द्यायचा,” ती म्हणाली.