बसल्याशिवाय निघू नये

बर्फावरची घोड्याची स्लेज दारात येऊन उभी राहिली, तरी येफिम साव्विचच्या तोंडून नाव काही बाहेर पडलं नव्हतं.

किनेश्म्याच्या कापडगिरणीतल्या कामगार समितीचा तो क्रांतीपासूनचा अध्यक्ष. दुष्काळातही त्यानं गिरणी बंद पडू दिली नव्हती, पण त्यापायी स्वतःची छाती निकामी करून घेतली होती. आता डॉक्टर त्याला क्रिमियाच्या उन्हात धाडत होते. परत येशील की नाही, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नव्हतं. समितीनं मात्र एकमतानं ठराव केला होता की, जाण्याआधी पुढचा अध्यक्ष साव्विचनंच सांगावा.

एकमत तेवढ्यापुरतंच. कताई खात्यात झाखार म्हणेल ती पूर्व, रंग खात्यात तिखोन म्हणेल ती. झाखारचं नाव घ्यावं, तर तिखोन अर्धी गिरणी घेऊन बाहेर पडणार. तिखोनचं घ्यावं, तर उरलेली अर्धी झाखार नेणार. तळहाताच्या फोडासारखी जपलेली गिरणी आपली पाठ फिरताच दुभंगेल, या धास्तीनं साव्विचची झोप उडाली होती.

"मॉस्कोत तरी कुठं ठरलंय?" तो सकाळी बायकोला म्हणाला होता. जानेवारीत क्रांतीचा थोरला नेता गेला. समितीच्या खोलीत, पूर्वी देव असायचे त्या कोपऱ्यात, त्याची काळ्या फितीची तसबीर लागली होती. "तिथं एवढी शिकलीसवरलेली माणसं, पण एकाला दुसऱ्याचं तोंड बघवत नाही. मी तर साधा विणकर."

"त्यांचं ते बघतील," लुकेर्या म्हणाली होती. "तुम्ही आधी लोकरीचे मोजे घाला."

आता सगळी समिती खोलीत जमली होती. झाखारनं निरोपाचं भाषण केलं, तिखोननं त्याहून लांब केलं. मग साव्विच खाकरला. आता नाव येणार म्हणून सगळ्यांनी कान टवकारले. पण लुकेर्यानं शिदोरीचं बोचकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "चला, बसा सगळे. गाडीची वेळ झाली."

माणूस लांबच्या प्रवासाला निघाला, की सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं आणि मगच उठायचं, ही तिकडची जुनी रीत. एक जण जरी उभा राहिला, तरी जाणारा परत येत नाही. खरं तर त्याच खोलीत अंधश्रद्धेविरुद्धचं भित्तिपत्रक होतं, आणि ते झाखार-तिखोननं मिळून चिकटवलं होतं. दोघांनी मिळून केलेलं ते बहुधा एकमेव काम. पण आत्ता कुणी हूं की चूं केलं नाही. बाकांवर, खोक्यांवर, जिथं जागा मिळेल तिथं लोक टेकले. साव्विच आपल्या ट्रंकेवर बसला.

उभे राहिले ते दोघेच. आणि रिकामी होती ती एकच जागा, अध्यक्षाची खुर्ची.

"बस ना, झाखार," तिखोन गोड आवाजात म्हणाला. "तेवढीच सवय होईल."

"छे, तू बस. गुडघे तुझे दुखतात."

ग्लाफिरा ही मागावरची विणकरीण, समितीतली एकटी बाई. तिचा पाराच चढला. "अरे, म्हातारा माणूस निघालाय. तुमच्यापायी तो तिकडंच राहिला, तर दोघांच्या तंगड्या मोडून हातात देईन. बसा म्हणते ना!"

दोघे एकदमच हलले. एक डावीकडून आला, दुसरा उजवीकडून, आणि दोघेही एकाच वेळी खुर्चीवर टेकले. माघार घेईल तो झाखार कसला आणि सरकेल तो तिखोन कसला. अर्धा हा, अर्धा तो. खुर्ची कुरकुरली. हसायची चोरी होती, म्हणून लुकेर्यानं शालीचं टोक दातांत धरलं.

खोली शांत झाली. त्या शांततेत साव्विचला पलीकडच्या मागांची धडधड ऐकू आली. तिथं चाललेल्या त्या शेकडो मागांना खुर्चीची खबरही नव्हती. त्याला एकाएकी फार बरं वाटलं. एवढे दिवस उगाच झोप घालवली आपण.

"चला, देवाचं नाव घेऊन," असं म्हणून तो उठला. मग भित्तिपत्रकाकडे पाहून म्हणाला, "बरं, पक्षाचं नाव घेऊन."

सगळे उठले. ते दोघे बसूनच राहिले.

"हा उठला की उठतो," झाखार म्हणाला.

"मला काही घाई नाही," तिखोन म्हणाला. "सुखरूप जा, साव्विच."

बाहेर स्लेजमध्ये ग्लाफिरानं साव्विचच्या पायांभोवती मेंढीचं कातडं गुंडाळलं. त्यानं कोटाच्या खिशातून समितीचा गोल शिक्का काढून तिच्यापुढे धरला. त्याच्याशिवाय गोदामातून ना कोळसा सुटायचा, ना पीठ.

"मला कशाला? अध्यक्ष बसलेत ना आत, एक सोडून दोन."

"ते उठले की दे त्यांना."

"आणि नाही उठले तर?"

"तोवर गिरणी थंड पडू देऊ नकोस म्हणजे झालं."

तिनं त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं. मग शिक्का एप्रनच्या खिशात टाकला. त्या खिशात सूर्यफुलाच्या बिया होत्या.

घोडा चालू लागला. साव्विचनं वळून पाहिलं. खिडकीत खांद्याला खांदा लावून दोन पाठी बसल्या होत्या. अंगणात बॉयलरवाला कोळशाची चिठ्ठी घेऊन समितीच्या खोलीकडे निघाला होता. ग्लाफिरानं त्याला वाटेतच अडवलं, पाठमोरा उभा केला, चिठ्ठी त्याच्या पाठीवर ठेवली, शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली आणि ठप्पकन हाणला.