दोन घास
फळी मोडेल तुझ्या वजनानं, असं सगळे चिडवायचे, म्हणून रंगारी चार महिने दिवसाकाठी एकदाच जेवला. आधी वजन भराभर उतरलं, मग काटा जागचा हलेना. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "उपासमारीनं अंगातलं बळच गेलंय तुमच्या, शरीर चरबी जाळेनासं झालंय. दोन्ही वेळ पोटभर जेवा, तरच वजन उतरेल." खाऊन कोणी बारीक होतं का, असं मनाशी म्हणत त्यानं होतं ते जेवणही अर्ध्यावर आणलं. आज सहाव्या मजल्याबाहेर टांगलेल्या फळीवर तो रंगवत असताना समोरची भिंत पाण्यासारखी हलू लागली. आतली खोली रंगवणारा मेहुणा खिडकीतून म्हणाला, "भाऊजी, चेहरा पांढराफटक पडलाय. आत या, दोन घास खा." "एवढा कोपरा संपवतो," तो म्हणाला. तेवढ्यात हातातून रंगाचा डबा निसटला. खाली कोणी होतं का पाहायला तो वाकला, तेव्हा त्याला आठवलं, कमरेचा दोर बांधायचाच राहिलाय.