अर्धा सीसी

देवकाबाईंच्या छातीवर हिरवी चादर पडली तेव्हा त्यांचे डोळे नुकते मिटत आले होते. वय एकाहत्तर, जुना दमा आणि डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ. पूर्ण भूल झेपणार नाही म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टर जयानं पाठीत सुई देऊन छाती बधिर केली होती आणि सलाइनमधून झोपेचं औषध बेताचंच सोडलं होतं. दुखणार नव्हतं, पण ऐकू येणार होतं.

सकाळी चोळी काढायलाच त्या तयार नव्हत्या. "सा लेकरं झाले बाई, पन माह्या घरच्यानंबी उजेडात पाह्यलं नाई मले," देवळी गावच्या त्या म्हातारीनं जयाला सांगितलं होतं. जयानं परिचारकाला बाहेर काढलं, दार लावलं, तेव्हा कुठे त्यांनी चोळीच्या गाठी सोडल्या.

सर्जनसाहेबांनी चादर बाजूला केली. समोर दोन शिकाऊ डॉक्टर उभे होते.

"बघा," साहेब म्हणाले, "एवढं झाकून झाकून शेवटी आमच्याच हाती आलं. म्हाताऱ्यानं तरी शेवटचं कधी पाहिलं असेल?"

मास्कच्या आड दोघं फिसकन हसले.

"सर, त्या पूर्ण झोपलेल्या नाहीत," जया म्हणाली.

तेवढ्यात देवकाबाईंचा आवाज आला. जड, पण स्वच्छ.

"मी आयकून राह्यली, बाप्पा."

हसणं थांबलं. साहेबांनी मान वर केली नाही. "दे अजून एक सीसी. उद्या आठवत नाही यांना काही."

जयानं मशीनकडे पाहिलं. रक्तदाब ठीक होता. वेदना नव्हती. औषधाची गरज देवकाबाईंना नव्हती, ती साहेबांना होती. हे तिला लख्ख कळत होतं, आणि तरी तिचा अंगठा सिरिंजवर गेला. एक नाही, अर्धा सीसी. त्या अर्ध्यावरच तिनं स्वतःची समजूत घातली.

देवकाबाईंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. मग श्वास मंदावला. तो मोकळा राहावा म्हणून जया त्यांची हनुवटी उचलून धरून बसली, टाके पडेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी साहेब राउंडला आले तसे देवकाबाईंनी एकच हात कपाळाला लावून नमस्कार केला.

"देवमानूस हाव जी तुमी. काईच समजलं नाई मले."

साहेबांनी जयाकडे बघून डोळा मिचकावला. "ही सगळी आमच्या मॅडमची करामत, आजी." आणि ते पुढच्या खाटेकडे वळले.

जयाला त्या डोळ्याची शिसारी आली. त्याहून जास्त स्वतःची. ती देवकाबाईंच्या खाटेवर बसली.

"आजी, काल तुम्ही जाग्या होत्या. साहेब तुमच्याबद्दल वाईट बोलले. तुम्ही ते ऐकलं होतं, बोललाही होतात. मग मी तुम्हाला झोपवलं."

देवकाबाईंनी पट्टीवरून पदर ओढून घेतला आणि घाबऱ्या घाबऱ्या, अगदी हळू विचारलं,

"मी साहेबाले काई वाकडं तर नाई बोलली ना, बाई?"