हवेची पकड

धाकट्या भावाच्या पत्राला थोरल्या सुताराने सहा महिने उत्तर दिलं नव्हतं.

"दादा, शिकंजा काढून टाकला. आता खालून हवा ओढून फळी धरून ठेवणारं टेबल घेतलंय. लाकडावर वळ नाहीत, वरची बाजू सगळी मोकळी. पण गाठीची फळी मधेच सुटते. असं का होत असेल?"

तेव्हा ते वाचून थोरल्याच्या पोटात दुखलं होतं. शिकंज्यात फळी आवळून पडलेले वळ घासण्यात त्याचा निम्मा जन्म गेला होता.

"अहो, त्याने टेबल घेतलंय, तुमच्या उरावर आणून नाही ठेवलं," बायको म्हणाली. "लिहा की दोन ओळी."

"हवेवर म्हणे सुतारकाम! आपटेल तोंडावर."

आज वखारवाला म्हणाला, "धाकट्याने टेबल विकायला काढलंय. फळी सुटून हातावर आली, सहा टाके पडले."

थोरला घरी आला तो लिहायलाच बसला. "गाठीच्या चिरेतून हवा शिरते. फळीला खालून मेण चोळ, सुटणार नाही. टेबल विकू नकोस. फळी का सुटते हे मला तुझं पत्र आलं त्याच दिवशी कळलं होतं."

शेवटचं वाक्य त्याने दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा लिहिलं, आणि पत्र टपालपेटीत टाकून आला.