बंडाची खूण

चाचणीसाठी गेम खेळणाऱ्यांचे अभिप्राय वाचता वाचता साहेबांचा पारा चढला. आमच्या गेममध्ये खेळाडू किल्लेदार होतो, कोठार सांभाळतो, सोबत्यांना कामं वाटून देतो. तक्रार जवळजवळ सगळ्यांची एकच होती: ‘सोबती अचानक बंड करतात, शत्रूला दरवाजा उघडून देतात. आधी काही कळतच नाही. ही सरळ फसवणूक आहे!’

“कळत नाही म्हणजे?” साहेबांनी टेबलावर हात आपटला. “चांगली ढळढळीत खूण दिलीय आपण. एरवी हे सोबती किल्लेदाराशी हुज्जत घालतात, नाकं मुरडतात. बंड करायचं ठरलं, की वाद घालायचंच सोडून देतात. मुकाट हो म्हणतात. आणि या शहाण्यांना वाटतं, वा, किल्ला काय सुरळीत चाललाय!”

साहेबांनी अभिप्रायांचे कागद बाजूला सारले.

“काहीही बदलायचं नाही. शुक्रवारी गेम बाजारात जाणार, तोवर सगळ्यांच्या सुट्ट्या बंद. कुणाला काही म्हणायचंय?”

आमच्या नजरा वकीलबाईकडे वळल्या. गेमची चित्रं काढणाऱ्या त्या मुलीला हे नाव साहेबांनीच ठेवलं होतं, कारण त्यांच्या प्रत्येक वाक्यावर तिचं ‘पण सर’ ठरलेलं असायचं. त्याच ‘पण सर’वरून गेल्या आठवड्यात त्यांनी तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं.

तिने शांतपणे लॅपटॉप मिटला. “तुम्ही म्हणाल तसं, सर.”

आम्हीही एकजात माना डोलावल्या.

 

“वा!” साहेब खुशीत खुर्चीला रेलले. “आज मीटिंग काय सुरळीत झाली!”