दुपट्ट्याखालचा भाव

अमरावतीहून आलेला शेखर शेंदूरजनाघाटच्या संत्रा अडत्यांना ब्लॉकचेन शिकवत होता. "सौदा झाला की त्याची नोंद सगळ्यांच्या मोबाईलवर दिसते. मागाहून कोणालाच खोडता येत नाही. लपवाछपवी संपलीच समजा."

"शेतकऱ्यालेबी दिसते?" उत्तमरावांनी विचारलं. त्यांच्या अडतीत भाव अजूनही दुपट्ट्याखाली, एकमेकांची बोटं दाबूनच ठरायचा.

"त्यांच्यासाठीच तर आहे हे, काका. उद्या त्यांचाच वर्ग घेतोय."

वर्ग सुटला, बाकीचे अडते चहाला गेले. उत्तमराव मात्र शेखरच्या शेजारी येऊन बसले.

"लय चांगलं शिकवता तुमी. पण आमच्या शेतकऱ्याच्या डोक्यावरून जाईन हे. कायले तरास देता त्याले?"

बोलता बोलता त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा शेखरच्या हातावर टाकला, आत हात घातला आणि त्याची तीन बोटं दाबली.

"एक बोट म्हणजे दहा हजार," ते हळूच म्हणाले. "उद्याचा वर्ग राहू द्या."

शेखर चपापला. त्यानं दाराकडे पाहिलं, दुसऱ्या हातानं प्रोजेक्टर बंद केला, आणि दुपट्ट्याखालीच उत्तमरावांची पाचही बोटं दाबली.