पलंगाखालचे डबे

सुपरमार्केटमध्ये बाळाच्या दूध पावडरचं शेल्फ आजही रिकामंच होतं. रडकुंडीला आलेली धाकटी सून बाळाला कडेवर घेऊन थेट थोरल्या जाऊबाईंच्या घरी गेली. जाऊबाईंनी पलंगाखालून एक डबा ओढून काढला. त्यांची मुलं कॉलेजात जात होती, तरी पलंगाखाली असे डबे खच्चून भरले होते.

"लोकांना लाजच उरली नाही बघ," डब्यावरची धूळ पुसत त्या म्हणाल्या. "गरज नसताना दुकानं रिकामी करतात आणि मग अडलेल्याला लुबाडतात."

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू?" धाकटीने डबा छातीशी धरला.

"अगं, उपकार कसले!



सकाळी शेजारणीकडून डब्याचे दुप्पट पैसे घेतले. तू घरची, तुला दीडपटीतच देते."